शालूचा रंग

प्रेमलताबाईंना जाऊन अकरा दिवस झाले होते. त्या दुपारी त्यांचा मुलगा मनोहर मुंबईहून आलेले पाकीट घेऊन भवानीपूरच्या स्टुडिओत आला, आणि दोन वर्षांनी प्रथमच बापलेक एका बाकावर बसले.

पाकिटात बाईंचे बारा रंगीत फोटो असणार होते. रंगीत फिल्म तेव्हा धुवायला मुंबईला पाठवावी लागे. ती परत यायला महिना गेला, आणि त्या महिन्यात फोटोतले माणूसच छातीच्या दुखण्याने निघून गेले... तेराव्याला पाटावर मांडायला घरात बाईंची एकही तसबीर नव्हती. सदतीस वर्षे फोटोग्राफरचा संसार केलेल्या बाईची!

मनोहरने फिल्म उलगडून खिडकीशी धरली. सगळी पट्टी एकसारखी तांबडी होती. चेहरा नाही, खुर्ची नाही, मागचा पडदा नाही.

त्याने पट्टी खाली केली. मग म्हणाला, “मुंबईवाल्यांनी घोळ घातला, बाबा. चांगलं खरमरीत पत्र लिहितो त्यांना.”

श्यामकांत राजवाड्यांनी पट्टी हातात घेतली. तो तांबडा रंग त्यांच्या ओळखीचा होता. तो त्यांच्या डार्करूममधल्या दिव्याचा रंग होता.

त्या दिव्याखाली त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांच्या जुन्या प्लेटांना तांबडा उजेड दिसत नसे, म्हणून दिवा लावून, थाळीतल्या पाण्यातून माणसाचा चेहरा हळूहळू वर येताना बघत ते काम करायचे. स्वतः काढलेली एकही निगेटिव्ह त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती. मग काळा-पांढरा फोटो माडीवर जायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून प्रेमलताबाई काडीला कापूस गुंडाळून त्यात रंग भरायच्या, अगदी हलक्या हाताने. त्यांचा एकच नियम होता. प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने रंग लिहून आणायचे. शालू मोरपंखी, काठ डाळिंबी, मुलगी गव्हाळ. श्यामकांत विसरले की त्या जिन्यातूनच विचारायच्या, “अहो, मी काय गेले होते का या लग्नाला? साडी कुठली ते लिहाल की नाही?”

या कामात त्यांचे डोळे अधू झाले. पण भवानीपूरच्या कितीतरी नव्या नवऱ्या त्यांच्या हातून लाजून लाल झाल्या.

पुढे रंगीत फिल्म आली. बंगाली गिऱ्हाईक दारातूनच विचारायचे, “रंगीन होबे, दादा?” आणि नाही म्हटले की निघून जायचे. मनोहर एकदा म्हणाला, “आईचे कापसाचे बोळे आता ठेवून द्या, बाबा. तिचे डोळे तरी वाचतील.” श्यामकांतांना तो घाव वर्मी लागला. ते म्हणाले, “बटण दाबायचं आणि पाकीट मुंबईला टाकायचं, याला तू फोटोग्राफी म्हणतोस? मग पोस्टमनही फोटोग्राफरच.” शब्दाने शब्द वाढला. मनोहर चौरंगीवरच्या एका स्टुडिओत नोकरीला लागला आणि डमडमला खोली घेऊन राहू लागला.

मधल्या मध्ये बाई झुरत राहिल्या. एक दिवस त्या कुणाला न सांगता सियालदह स्टेशनावर जाऊन गाडीत बसल्या आणि मुलाकडून एक रंगीत रोल घेऊन आल्या.

“एवढा एक माझ्यावर वाया घालवा,” त्या म्हणाल्या. “बसते मी खुर्चीत. रोल मुंबईला मनू पाठवेल. आणि मनू म्हणालाय, या फिल्मला तांबडा दिवासुद्धा चालत नाही.”

“मला शिकवू नका तुम्ही दोघं,” श्यामकांत म्हणाले. पण त्यांनी फोटो काढले. इतक्या वर्षांत बाई प्रथमच त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसल्या होत्या. बारावा फोटो झाल्यावर रोलवरचा कागद सैल सुटला. तो घट्ट गुंडाळायला ते डार्करूममध्ये गेले, दार लावले, आणि तीस वर्षांच्या सवयीने हात दिव्याच्या बटणावर गेला...

“पत्र लिहू नकोस, मनू,” श्यामकांत आता म्हणाले. “दिवा मी लावला होता.”

“माहीत आहे.”

“पट्टी बघून कळलं?”

“आधीपासूनच. आईनं दाराखालून तांबडा उजेड बघितला होता. दुसऱ्याच दिवशी डमडमला आली माझ्याकडे. म्हणाली, त्यांना काही बोलू नकोस. आत्ता कुठे रंगाला हात लावलाय, धसका घेतील. पाकीट आलं की मुंबईवाल्यांवर ढकल, आणि मला दुसरा रोल दे. मी म्हणेन, पुन्हा बसायची हौस आली.”

“मग?”

मनोहरने मान खाली घातली. “रोल होता माझ्याकडे. दिला नाही. म्हटलं, पुढच्या महिन्यात देतो... पाकीट येऊ दे, बाबांना एकदा कळू तरी दे.”

त्याने खिशातून एक छोटी डबी काढून बाकावर ठेवली. तिचे सीलही फोडलेले नव्हते.

श्यामकांत त्या डबीकडे बघत राहिले. बाई चूक पोटात घालून, छातीत दुखत असताना उन्हातून डमडमला जाऊन आल्या होत्या, आणि संध्याकाळी रोजच्यासारखा चहा त्यांच्यापुढे ठेवला होता. एका शब्दानेही त्यांनी कळू दिले नव्हते. मुलाला बोलायला श्यामकांतांना तोंड नव्हते. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि मग दोघांनाही रडू आवरेना.

शेवटी लग्नातला एक फोटो सापडला. त्या गर्दीत सोळा वर्षांची प्रेमलता मुंडावळ्या बांधून खाली बघत उभी होती. चेहरा नखाएवढा. बापलेकांनी तांबड्या दिव्याखाली तो मोठा केला. थाळीत तो वर येऊ लागला तेव्हा मनोहर म्हणाला, “आली.”

फोटो वाळल्यावर मनोहर माडीवरून आईची रंगांची पेटी घेऊन आला. “मी करून बघतो, बाबा. लहानपणी तिच्याशेजारी बसायचो मी. शालूचा रंग कोणता होता?”

श्यामकांतांनी डोळे मिटले. मांडवात फोटोवाल्याने दिवा फार खाली ठेवला होता, हे त्यांना आठवले. उजेड डावीकडून येत होता, तेही आठवले. शालू आठवेना. स्टुडिओ काढला त्या वर्षी बाईंनी तो शालू जरीच्या भावाने मोडला होता, कॅमेऱ्याचे भिंग घ्यायला. आता विचारायला त्यांच्या माहेरचेही कुणी उरले नव्हते. श्यामकांतांनी लग्नाचा जुना फोटो उलटून बघितला. पाठीवर पेन्सिलीची एक रेघही नव्हती.

आता मनोहर दर रविवारी येतो. गच्च अंधारात फिल्म कशी हाताळायची ते श्यामकांत त्याच्याकडून शिकले आहेत, आणि दुकानाच्या दारावर ‘रंगीत फोटो’ अशी पाटी लागली आहे. तांबडा दिवा त्यांनी काढून ठेवला. डबी मात्र तशीच आहे.

बाईंची तसबीर माडीवर त्यांच्या खिडकीशी टांगली आहे, काळी-पांढरी. तिच्या पाठीवर श्यामकांतांनी पेन्सिलीने ‘शालू’ एवढे लिहिले आहे. पुढचा शब्द लिहायचा राहिला आहे.