पाचवा डबा

जुना स्कॅन काढून द्यायचा, एवढंच काम होतं. हॉस्पिटलात दिवसभर मी तेच करतो. नीट ऐका हं, नाहीतर म्हणाल धम्मपालला खूळ लागलंय.

आमच्या सर्व्हर रूममध्ये आठ डबे आहेत. डबे म्हणजे डिस्क भरलेल्या पेट्या. स्कॅन आला की त्याचे तुकडे होऊन आठही डब्यांत वाटले जातात. उघडताना सगळे डबे एकदम तुकडे देतात, म्हणून झटक्यात उघडतो. झकास! पण एक डबा मेला की प्रत्येक स्कॅनला भोकं. त्यासाठी दुसरी प्रत ठेवायची असते, आणि प्रत ठेवली की निम्मी जागा जाते, म्हणून आमच्याकडं ती नाहीच. साहेब, जागा संपली, डबे वाढवा, हे मालकांना सांगून सांगून तोंड दुखलं माझं. राजवर्धनसाहेब म्हणतात, "बघूया की पुढच्या वर्षी." आणि जागा खाल्ली कुणी? डॉक्टर लोकांच्या लग्नाच्या ड्रोन शूटिंगनं. डोकं फिरतं नुसतं.

त्या दिवशी सकाळी पाचवा डबा जळाला. खोलीभर करपलेल्या वायरीचा वास. मी डबा ओढून काढला आणि टेबलावर उताणा टाकला. आणि नेमकं त्याच दुपारी आत्याचं ऑपरेशन.

आक्काताई, माझी सख्खी आत्या, शिरोळची. मेंदूतली एक शीर फुगलेली. मार्चपासून ती वाढली असेल तर डोकं उघडून क्लिप बसवायची, वाढली नसेल तर गोळ्या घेऊन घरी. ते ठरवायला डॉक्टर प्रियदर्शनींना मार्चचा स्कॅन पाहिजे होता, आणि त्याला भोकं पडलेली. एवढा संताप आला मला! मालकांनी डबे वाढवले नाहीत म्हणून आता म्हातारीचं डोकं फोडायचं का?

तरी बघावं म्हणून उघडला. अख्खा उघडला. एकही भोक नाही. स्क्रीनवर आठही डबे हिरवे. मी वळून टेबलाकडं बघितलं. पाचवा तिथंच होता, वायरी लोंबत होत्या. हात लावला तर गार. पण एसीच्या घरघरीत आणखी एक बारीक आवाज होता, डिस्क फिरल्यासारखा. आणि करपट वासात आता स्पिरिटचा वास मिसळला होता.

डॉक्टर शेजारी येऊन बसल्या. एकेक चित्र पुढं सरकवत गेल्या आणि मध्येच थांबल्या.

"धम्मपाल… हा मार्चचा नाही."

"मार्चचाच आहे मॅडम. तारीख बघा की."

"मग ही क्लिप कुठून आली?"

शिरेवर पांढरं, चिमट्यासारखं काहीतरी होतं. पुढच्या चित्रांत नव्हतं. थोडं पुढं गेलं की परत होतं. मी तपासलं. क्लिपवाली सगळी चित्रं पाचव्या डब्यातली.

"आणि हे…" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "क्लिप बसवल्यानंतरचं… रक्त."

"दुसऱ्या कुणाचं तरी असेल."

"कपाळाच्या हाडावर खाच आहे, बघा. त्यांचीच."

लहानपणी आत्या उसाच्या गाडीवरनं पडलेली.

डॉक्टरांनी ऑपरेशन रद्द केलं. कारण काय सांगितलं कुणास ठाऊक. मला तर रडूच आलं, सुटली बिचारी म्हणून.

वॉर्डात आत्या तणतणत होती. "सकाळधरनं उपाशी ठेवलंय मेल्यांनी. करायचं न्हवतं तर आदी सांगायचं की."

"च्या आणतो," म्हणून मी खाली आलो.

चहा राहिला बाजूला. आधी पाचव्या डब्याचं नावच सिस्टीममधनं काढून टाकणार होतो, कटकट नको. काढायच्या आधी स्कॅन परत एकदा उघडला. का उघडला, माझं मला कळत नाही.

क्लिप नव्हती. एकाही चित्रात नव्हती.

ऑपरेशन रद्द झालं तरी रक्त होतं. तेवढंच… तिथंच.

वर गेलो तर आत्या पिशवी भरून, पदर सारखा करून दारात उभी.

"च्या ऱ्हाऊ दे आता धम्मा. डॉक्टरीणबाई घरी जा म्हणाल्यात. शिरोळची गाडी घावंल न्हवं?"