बारावी गाठ

भंडाऱ्याच्या कोर्टात मी चौदा वर्षे नकलनवीस होतो. दुसऱ्याने लिहिलेले जसेच्या तसे उतरवायचे आणि खाली 'अस्सलबरहुकूम नक्कल' असा शिक्का मारायचा, हे माझे काम. अशा कामात माणसाचे मतही हळूहळू कागदी होते. कागदावर नाही ते जगात नाही, असे मला अगदी मनापासून वाटे. बायको म्हणायची, "तुमाले भूक लागली का नाही, तेबी कागदावर पाहून सांगता." तिचे काही चुकत नव्हते.

१९७५ साली ते काम सोडून मी गावी, मोहाडीला आलो आणि कोसा विणकर सोसायटीचा सेक्रेटरी झालो. सोसायटी म्हणजे कोष्टीपुऱ्याची एक गल्ली, बारा माग आणि एक कौलारू खोली. कोसा म्हणजे जंगलातले रेशीम. त्याचे कापड विणायला दिवसभर खड्ड्यात पाय सोडून बसावे लागते, आणि विकायला त्याहून जास्त दिवस बसावे लागते. नागपूरचे व्यापारी भाव पाडून मागत. गल्लीतली तरणी माणसे एकेक करून कामठीला पॉवरलूमवर चालली होती. सोसायटीचे अध्यक्ष तुलाराम स्वतः विणकर. ते म्हणायचे, "अजून दोन वर्सं, मंग या खड्ड्यात बकऱ्या बांधू."

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदराहून ऑर्डर आली. बारा गाठी कोसा, प्रत्येक गाठीत वीस थान, म्हणजे कापडाचे तागे. आमच्यातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. मोठे पाणी म्हणजे वैनगंगा. तरी गल्लीने त्या दिवशी उरलेसुरले फटाके उडवले. बारा माग, बारा गाठी. प्रत्येक मागाने एक गाठ द्यायची, असे ठरले.

ऑर्डरीपाठोपाठ नागपूरच्या बँकेत खरेदीदाराचे हमीपत्र आले. त्यातल्या अटी मी पाठ केल्या. माल एकाच जहाजातून यावा. बाराच्या बारा गाठी एकदम याव्यात, कमी चालणार नाहीत. माल चढल्यावर जहाज कंपनी जी पावती देते, तिला बिल ऑफ लेडिंग म्हणतात. ती पावती, आमचे बीजक आणि विणकरांच्या अंगठ्यांचा हातमाग दाखला असे तीन कागद एकतीस मार्चपर्यंत बँकेत हवेत, आणि तिन्हींत आकडा एकच हवा. काडीचा फरक निघाला तर बँक हात वर करणार आणि माल हॅम्बुर्गच्या धक्क्यावर बेवारस पडणार. एवढी करडी भाषा मी कोर्ट सोडल्यापासून वाचली नव्हती. मला ती फार आवडली.

जानेवारीत मंगरू गेला.

मंगरू हा गल्लीतला सगळ्यात जुना विणकर. सकाळी मागावर बसला तो दुपारी जेवायला उठलाच नाही. त्याचे नऊ थान पुरे झाले होते, दहावे अर्धे मागावर होते. त्याला मूलबाळ नव्हते. मागे बायको बायजाबाई तेवढी राहिली. गल्ली सगळी एका भावकीची, त्यामुळे सुतक सगळ्यांना. दहा दिवस सगळे माग बंद. मी तारखांचा कागद घेऊन एकदाच तुलारामांकडे गेलो. ते म्हणाले, "टेकचंद, जर्मनीच्या मानसाले सुतक नसन. आमाले हाये." मी कागद घडी करून खिशात ठेवला.

सुतक फिटल्यावर अकरा माग जिवाच्या आकांताने चालले आणि अकरा गाठी झाल्या. बारावी होणे शक्यच नव्हते. अकरा चालतील का, अशी मी हॅम्बुर्गला तार केली. उत्तर आले नाही. "माल तं धाडून टाकू, पुढचं पुढं पाहू," असे शेवटी तुलाराम म्हणाले. वीस फेब्रुवारीला वरठी स्टेशनावर मी स्वतः उभा राहून गाठी चढवल्या. प्रत्येकीवर माझ्या हाताने शाईने नंबर घातला होता, एक ते अकरा. रेल्वेच्या पावतीवर अकरा. दाखल्यावर अकरा जणांचे अंगठे, तेही माझ्यासमोर उमटलेले. दाखल्यावर मुंबईच्या तपासणी कचेरीचा शिक्का लागणार होता, म्हणून तो जहाजावर माल चढवून देणाऱ्या तिथल्या एजंटाकडे पाठवला.

सव्वीस मार्चला एजंटाचे रजिस्टर पाकीट आले. खिडकीशी बसून मी ते फोडले. आतून कोसले, म्हणजे रेशमाचे कोष, उकळताना येतो तसा उग्र वास आला. मुंबईच्या कागदाला तो कुठून लागला, हे कळेना. पण डाकेच्या थैलीत काय काय असते, असे म्हणून मी सोडून दिले. बिल ऑफ लेडिंगचा कागद जाड, निळसर, वर जहाजाचे चित्र. मी ओळीवर बोट ठेवून वाचत गेलो.

गाठी, बारा. नंबर एक ते बारा. वजन बारा गाठींचे. माल उत्तम स्थितीत जहाजावर चढला.

मी हसलो. एजंटाचा कारकून मोजताना पेंगला असणार. लगेच जवाबी तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: 'बारा चढल्या. धक्क्यावर दोनदा मोजल्या. बारावी एक दिवस उशिरा, वेगळी आली.'

कोणी आणली, म्हणून दुसरी तार केली. त्याचेही उत्तर आले: 'डोक्यावर घेऊन एक म्हातारा. पावती न घेता गेला.'

पावती न घेता! मला त्या माणसाचा रागच आला. आणि मग मी पाकिटातला दाखला उलगडला.

दाखल्यावर बारा अंगठे होते. अकराव्याखाली बारावा, तोही माझ्याच शाईचा वाटावा असा जांभळा. कोर्टाच्या दिवसांपासून माझ्या खणात एक भिंग असते. ते मी काढले. अंगठ्याच्या मधोमध आडवी पांढरी रेघ होती, जुन्या जखमेच्या व्रणाची असते तशी. सोसायटीचे १९७१ सालचे सभासद रजिस्टर काढले, मंगरूचे पान उघडले आणि दोन्ही अंगठे शेजारी ठेवले. रेघ तीच. तिचे डाव्या टोकाला वर वळणेही तेच.

मी भिंग खाली ठेवले. बाहेर बाजाराचा दिवस होता. मिरच्यांचा खकाणा येत होता, बाया भाव करत होत्या. मी रजिस्टर पुन्हा उघडून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बायजाबाईकडे गेलो. ती पडवीत चरख्यापाशी कांड्या भरत बसली होती. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची नळी. शेजारच्या टोपलीत पन्नास-साठ भरलेल्या कांड्या होत्या.

"वैनी, मंगरूभाऊचे थान कुठी हायेत?"

तिने बोटाने पेटी दाखवली. मी मोजले. नऊ. पुन्हा मोजले, नऊच. मागावरचे दहावे तसेच अर्धे होते आणि त्यावर कोळ्याने जाळे केले होते. मला हायसे वाटले. म्हणजे एजंट खोटा, दाखला खोटा, कोणाचा तरी उद्योग.

"मंग ह्या कांड्या कोनासाठी भरून राहिल्या?"

"रोज भरते जी. सकारी टोपली रिकामी राह्यते."

"कवापासून?"

"सुतक फिटलं तवापासून."

"काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं का?"

कोर्टात मी हजारो जबान्या उतरवल्या आहेत. खोटे बोलणारा माणूस उत्तर लांबवतो. ही बाई लांबवत नव्हती.

"एवढं सूत कुठून आनता?"

"मले सोसायटीनं देल्लं तेच हाये." तिने चरख्याकडे पाहिले. "सरतच नाही ते."

"मंग ते थान कुठी गेले, वैनी?"

"मले का ठाऊक, टेकचंदभाऊ? तुमच्या कागदात पाहा."

ती घाबरलेली नव्हती, हे मला अजून आठवते. नवऱ्याला बढती मिळालेल्या बाईचा चेहरा असतो तसा तिचा चेहरा होता.

दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही. सगळे येऊन माझ्यावर थांबले होते, कारण बीजक मला करायचे होते. अकरा लिहिले तर कागद जुळणार नव्हते. मग पैसे नाहीत, सोसायटीला कुलूप आणि गल्ली कामठीला. बारा लिहिले तर ज्या गाठीला मी हात लावला नाही, जिच्यावर नंबर घातला नाही, तिच्याखाली माझी सही. उद्या हॅम्बुर्गला माल मोजल्यावर अकराच निघाल्या तर बेडी मला. चौदा वर्षांत मी एक अक्षर जास्तीचे लिहिले नव्हते.

शुक्रवारी दुपारी मशीनवर कागद चढवला आणि बारा टाइप केले. खाली सही केली.

एकतीस मार्चला शनिवार होता, बँक बारापर्यंत. नागपूरला पोचायला साडेअकरा झाले. तिथले साहेब जाड चष्म्याचे, पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचणारे. दुसऱ्या वेळी भेटले असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. बिल वाचून झाले, बीजक झाले, दाखल्यावर बोट फिरवत त्यांनी अंगठे मोजले. घड्याळात पावणेबारा.

आणि माझ्याच्याने राहवेना.

"साहेब," मी म्हणालो, "वरठीहून मी अकराच गाठी चढवल्या होत्या."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "सेक्रेटरी, बँक गाठी मोजत नाही, कागद मोजते. जहाज बारा म्हणतं, बीजक बारा म्हणतं, दाखला बारा म्हणतो. तुमच्या मनात अकरा असतील, तर त्या घेऊन घरी जा." आणि शिक्का मारला. टेबलावरची दौत हलली, इतक्या जोरात.

मी सीताबर्डीच्या रस्त्यावर आलो. उन्हात उभा राहून लागोपाठ तीन ग्लास उसाचा रस प्यालो आणि एकटाच हसत सुटलो. रसवाला विचारू लागला, "क्या हुआ भाऊ, शादी जमी क्या?" जमली म्हणालो.

पुढला दीड महिना मात्र पोस्टमन दिसला की मी हातातले काम टाकून दाराशी जाई. मेच्या मध्यावर हॅम्बुर्गचे पत्र आले. ते मी तुलारामांसमोर उघडले आणि वाचता वाचता उभा राहिलो. बाराही गाठी पोचल्या होत्या. आत पुरे वीस-वीस थान. बाराव्या गाठीसारखे कापड तीस वर्षांच्या धंद्यात हाताखालून गेले नाही, असे त्या माणसाने लिहिले होते. पुढल्या खेपेला तीस गाठी हव्या होत्या, डिसेंबरच्या आत. जमणार असेल तर तारेने कळवा.

तुलाराम लहान मुलासारखे रडले. "वाचलो रे बाप्पा," एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होते. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या अंगणात मांडव पडला. वरठीचा बँड आला. गुलाल इतका उधळला की माझी फाइल गुलाबी झाली. पहिला हार बायजाबाईच्या गळ्यात घालायचा, असे मी सांगितले आणि कोणीही का म्हणून विचारले नाही. कामठीला गेलेले दोघे सपत्नीक परत आले होते, त्यांना पाहून बाया गाणे म्हणत होत्या. आयुष्यात मी त्या दिवशी पहिल्यांदा नाचलो. वाईट नाचलो.

मग धनीराम विणकराने हळूच विचारले, "भाऊ, माग अकरा. तीस गाठी डिसेंबरच्या आत. कसं जमन?"

एकेक करून सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी तारेचा फॉर्म समोर ठेवून बसलो होतो. हिशेब सोपा होता. जमणार नव्हते.

बँडवाले पाणी प्यायला थांबले.

तेव्हा आवाज आला. धोटा आणि फणी. खट्, खटाक. गल्लीच्या आतून, उन्हातून.

मी अंगणातली माणसे मोजली. तुलाराम, धनीराम, जागेश्वर, ताराचंद. अकराही विणकर माझ्यासमोर होते. त्यांच्या हातात पेढे होते. त्यांच्या बाया होत्या, म्हातारी माणसे होती, गल्लीतले झाडून सगळे होते.

कोणी उठून पाहायला गेले नाही.

बायजाबाईने गळ्यातला हार सरळ केला. "जमन म्हना जी," ती म्हणाली. "कायले घाबरता?"

माझी छाती भरून आली, हे मी लपवत नाही. तारेच्या फॉर्मवर लिहिले: तीस गाठी मान्य. सही केली. तुलारामांनी फॉर्म उंच धरून दाखवला आणि अंगण पुन्हा ओरडले, पण बँड वाजायला थोडा वेळ लागला.

त्या वेळात मी कान दिला. चार वर्षे खिडकीशी बसून मी गल्लीतला प्रत्येक माग आवाजावरून ओळखायला लागलो होतो. मंगरूचा माग दर ठोक्याला किंचित थांबायचा. तेवढा एक मी शोधत होतो. मला तो सापडला नाही. एकाच वेळी इतके माग चालू होते.