नारायण पेठेतला बर्फ

हेमाची आणि दिगंबरची पहिली भेट झाली तेव्हा ती उशिरा आली होती आणि त्याला अर्धांगवायू झालेला होता.

निदान तिला तसं वाटलं. नारायण पेठेत, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर प्रेमला मॅडमचा क्लास होता. कॅनडातल्या म्हाताऱ्यांची घरी राहून सेवा कशी करावी, आणि ती करता करता तिथले कायमचे रहिवासी, म्हणजे क्लासच्या भाषेत 'पीआर', कसं व्हावं हे तिथे शिकवत. आपले म्हातारे कोण बघणार, हा विषय अभ्यासक्रमात नव्हता.

हेमाने पेशंटच्या खांद्याखाली हात घालून त्याला उठवलं, पाठीला उशी दिली आणि नियमाप्रमाणे विचारलं, "आजोबा, तुमचं नाव काय? आपण कुठे आहोत? मी कोण?"

आजोबांनी एक डोळा उघडला. आजोबा पंचविशीतले होते.

"दिगंबर. विनिपेग, कॅनडा. आणि तुम्ही... नवीन ना?"

वर्ग हसला. हेमाने त्याचं डोकं शिकवतात त्यापेक्षा जरा जोरात उशीवर टेकवलं.

रोज कुणालातरी पेशंट व्हावं लागे. दिगंबर इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा नापास झाला होता, म्हणून ज्याला घाई नाही असा माणूस या न्यायाने पलंग कायमचा त्याच्याकडे गेला. हेमा त्याला पेज भरवायची, केस विंचरायची.

"अहो, जरा फुंकर घालून द्या की."

"बोलू नका. तुमचं अर्धं तोंड चालत नाही."

"तुम्ही बसता त्या बाजूचं चालतं..."

हेमा मान वळवून हसायची. पण एक गोष्ट तिला खटकायची. मार्चचं ऊन, पंखा नुसती गरम हवा ढवळतोय, आणि पलंगावर डोळा लागला की दिगंबरचे हात गार पडायचे — फ्रीजरमधून काढल्यासारखे. दोन बोटांनी तो चादरीवर टकटक करायचा आणि भलत्याच, जुन्या आवाजात म्हणायचा, "खिडकी लाव गं. बर्फ आत येतोय."

"पुरे झाला अभिनय."

तो दचकून जागा व्हायचा. "का? काय म्हणालो मी?"

आणि त्याला खरंच आठवत नसे.

मग हेमाला मुलाखतीचं बोलावणं आलं. नोकरी मिळाली की पुढे पीआर, हे धायरीत तिच्या घरच्यांआधी शेजाऱ्यांना कळलं आणि स्थळांची रीघ लागली. एका मुलाकडच्यांनी पत्रिका मागितलीच नाही, पासपोर्ट मागितला.

हेमाने भर वर्गात जाहीर केलं, "आता मला जो विचारेल, तो पीआरला विचारतोय असंच मी धरणार."

"ते तुझं तू बघ," प्रेमला मॅडम म्हणाल्या. "पण अर्जात घरचं माणूस लपवायचं नाही. आज लपवलं, तर उद्या नेता येत नाही."

दिगंबर पाणी पीत होता. त्याने भांडं खाली ठेवलं आणि पलंगावर जाऊन पडला.

मुलाखत संध्याकाळी, मॅडमच्या लॅपटॉपवर होती. पलंगाभोवतीच्या पडद्यामागे दिगंबर झोपला होता. त्याच्या डाव्या कानामागे रंगपंचमीचा गुलाबी रंग राहिला होता. सकाळी हेमाने घासूनही तो निघाला नव्हता.

समोर कॅनडातली एक बाई दिसू लागली. तिच्यामागे पलंग, पलंगावर तिचे वडील, आणि बंद खिडकीबाहेर बर्फ.

"कुठून बोलताय आपण?" हेमाने विचारलं.

"विनिपेग," बाई म्हणाली. "डॅड वर्षभर बोललेले नाहीत. मनावर घेऊ नका हं."

म्हाताऱ्याने दोन बोटांनी चादरीवर टकटक केली.

हेमाने खुर्ची पुढे ओढली.

"आणि हे बघा," बाईने वडिलांची मान हळूच वळवली. "कानामागे कसला गुलाबी डाग आलाय, निघतच नाही."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. कॅमेऱ्याकडे नव्हे, हेमाकडे पाहिलं. आणि ज्या इंग्रजीत दिगंबर दोनदा नापास झाला होता त्या इंग्रजीत, एकही चूक न करता म्हणाला, "तो विचारणार नाही. तुला वाटेल, पीआरसाठी विचारतोय."

मग डोळे मिटले. बाई रडू लागली, हसू लागली, आणि नोकरी हेमाला मिळाली.

हेमाने पडदा सारला. दिगंबरचा हात बर्फासारखा होता. तिने तो दोन्ही तळव्यांत धरून चोळला.

"नाव काय तुमचं?"

"...दिगंबर."

"आपण कुठे आहोत?"

त्याने छताकडे पाहिलं, मग पंख्याकडे. "नारायण पेठ."

"मी कोण?"

"त्याचं उत्तर द्यायला तुम्हीच बंदी घातलीय."

"मघाशी आजोबांनी दिलं."

"कुठल्या आजोबांनी?"

"विनिपेगच्या."

तो उठून बसला. तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर त्याने थट्टा केली नाही. "हेमा... तू जा. माझं नाव कुठेही घालू नकोस. परीक्षा पास झालो, तर माझा मी येईन. नाही झालो, तर इथून वाट बघेन. पण मला तू हवीयेस — पीआर गेला खड्ड्यात."

"मॅडमनी काय शिकवलंय?" हेमा म्हणाली. तिने हात सोडला नव्हता. "घरचं माणूस लपवायचं नसतं."

आता तो हात ऊबदार झाला होता. दिगंबर लाजून चादर झटकायला लागला, तर घडीतून पांढरं काहीतरी उडालं, तिच्या मनगटावर पडलं... आणि विरघळलं.

बाहेर मार्च होता. खाली छत्रीवाला गिऱ्हाईक नाही म्हणून डुलक्या घेत होता.

तरी हेमाने उठून खिडकी लावली.