आठवा निरोप

तुम्ही त्या पेटीबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी हा विषय काढत नाही. कुणी काढलाच तर पाण्याचा ग्लास उचलतो आणि दुसरीकडे बघतो.

शहराबाहेर आमचं सांडपाण्याचं उपसा केंद्र आहे. तिथे कायमचा माणूस नसतो. खोल खड्ड्यात पाणी साचतं आणि माणसाच्या उंचीएवढ्या पात्यांचा एक लोखंडी स्क्रू पन्हळीत फिरत ते वर चढवतो. तो कधी फिरवायचा हे कंट्रोलर ठरवतो. कंट्रोलरने नांगी टाकली, की शेजारच्या पेटीतला अलार्म मोडेम आम्हाला फोन करतो. आधी मला. दहा घंटा वाजूनही मी उचलला नाही, तर यादीतल्या दुसऱ्या माणसाला. फोनवर तीन दाबलं की पेटीतल्या माईकमधून तिथले आवाज ऐकू येतात, आणि एक दाबलं की स्क्रू सुरू होतो. नियम असा की आधी तीन, मिनिटभर कान लावायचा, आत कुणी नाही याची खात्री करायची आणि मगच एक.

हा नियम उस्तादने घातलेला. उस्ताद म्हणजे आमचा थोरला फिटर. पेटीतले निरोपही त्याच्याच आवाजात भरलेले. साहेबांनी छापील वाक्यं दिली होती, पण उस्ताद कुठला ऐकतोय! "पाणी चढलंय रे, ऊठ, घोरत काय पडलास?" असा त्याचा निरोप. पेटीत आठ निरोपांची जागा होती, त्याने सात भरले. आठवी जागा रिकामीच राहिली.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी माझ्या घरी पाहुणे होते. ताटं वाढलेली. पेटीचा फोन आला आणि मी तीन न दाबता थेट एक दाबलं. घास हातातच होता. त्या वेळी उस्ताद स्क्रूमध्ये उतरून अडकलेल्या चिंध्या काढत होता. उतरण्यापूर्वी फोनवरचं नियंत्रण बंद करायची एक चावी असते. ती महिनाभर नादुरुस्त होती आणि सगळा भरवसा आमच्या कानांवर होता.

चौकशीत ठरलं, की कंट्रोलरनेच आपोआप स्क्रू चालू केला. पेटीतल्या नोंदींचा कागद मीच काढून दिला होता. एक ओळ कमी करून. माझ्या बायकोलाही मी हे सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी धड जेवलेलो नाही, एवढंच तिला माहीत होतं.

उस्तादची मुलगी पुढे आमच्याच खात्यात लागली. हुशार पोरगी, हात बापासारखा. यादीत दुसरा नंबर तिचा. निरोप नव्याने भरा असं साहेब म्हणाले, तेव्हा ती मला म्हणाली, "राहू द्या ना काका. तेवढाच बाबांचा आवाज ऐकू येतो." मी राहू दिला. म्हणजे बिघाड झाला की उस्ताद पहिला फोन मलाच करायचा.

मग एका रविवारी पेटीची बॅटरी बदलायला निघालो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील, तरी धुकं हटलं नव्हतं. फाटकाशी पोचलो आणि खिशातला फोन वाजला. पेटीचा नंबर. कानाला लावला.

"आत माणूस आहे."

आवाज उस्तादचाच. पण असा निरोप त्याने कधी भरलाच नव्हता.

मी धावलो. दाराचं कुलूप मीच उघडलं. बाहेरून कुलूप, म्हणजे आत कुणी असणं शक्य नाही, हे लहान मुलालाही कळेल. मला कळलं नाही. खोलीत ओल्या लोखंडाचा आणि गाळाचा वास कोंडला होता. खालून, खड्ड्यातून, पान्याने पत्र्यावर ठोकल्यासारखा आवाज येत होता. ठक… ठक… मध्ये थांबून पुन्हा ठक. कुणीतरी मदत मागावी तसा. आता चावी दुरुस्त झालेली होती. ती फिरवून खिशात घालायला दोन सेकंद लागतात. तेवढीही मी दिली नाहीत. हातातला फोन पेटीवर ठेवला आणि शिडीने उतरलो. या वेळी उशीर करायचा नाही, एवढंच डोक्यात होतं.

खाली कुणी नव्हतं. ठोकणं थांबलं होतं. स्क्रूच्या पात्यांवरून पुढे सरकताना पाय घसरला आणि गमबूट पातं आणि पन्हळ यांच्यामध्ये घट्ट रुतला. ओढला, पिळला, निघेना. खाली काळं पाणी हळूहळू चढत होतं.

आणि वर माझा फोन वाजू लागला.

पेटीच फोन करत होती. मी घंटा मोजल्या. माणूस अशा वेळी देवाचं नाव घेतो म्हणतात. मी आकडे मोजत होतो. सात… आठ… नऊ… दहा. मग शांतता. आता यादीतला दुसरा नंबर लागणार होता. तिने तीन दाबलं तर मी जगणार होतो. तिने माझ्यासारखं केलं तर नाही.

मी ओरडलो. गळा फाटेस्तोवर ओरडलो. "पोरी, मी आहे! आत मी आहे!" स्क्रूच्या लोखंडाला हात लावून बसलो होतो, ते थरथरलं तर आधी हाताला कळेल म्हणून. उस्तादच्या हाताला ते कळलं असेल का, हा विचार आला आणि मी ओरडायचा थांबलो. खरं सांगतो, क्षणभर वाटलं, होऊन जाऊ दे.

लोखंड थंडच राहिलं.

वीस मिनिटांनी ती आली. आधी चावी फिरवली, मग खाली उतरली. बूट कापून माझा पाय सोडवला. वर आलो तेव्हा मी हुंदके देत होतो आणि ती पांढरीफटक पडली होती.

"तू कान लावलास… बरं झालं," मी म्हणालो.

"लावला. तुमचा आवाज आला." ती पेटीकडे बघत राहिली. "पण काका… त्याच वेळी बाबाही बोलत होते."

"काय… काय म्हणाला?"

"ऐकत बसू नकोस, म्हणाले. चालू कर… तीनदा म्हणाले." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मला जन्मभर सांगायचे, आधी ऐक म्हणून. तुम्ही आत असताना ते असं का म्हणतील, काका?"

मग मी तिला सांगितलं. पाहुणे, ताटं, हातातला घास, कागदातली ती एक ओळ. काहीही झाकलं नाही. माझं सांगून झालं तेव्हा तिने आपल्या फोनवरून पेटीचा नंबर लावला आणि घरातल्या माणसाला विचारावं तसं हळू विचारलं, "बाबा, मग आता…?"

बराच वेळ ती ऐकत होती. मग फोन खिशात टाकून म्हणाली, "चला, तुमचा पाय दाखवून येऊ."

त्याच आठवड्यात मी साहेबांना सगळं लिहून दिलं. वाटलं होतं, नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. पुन्हा चौकशी बसली, दोन पगारवाढी थांबल्या आणि मला तिच्या हाताखाली ठेवलं. तसं तिनेच मागून घेतलं, असं नंतर कळलं. तिला काय उत्तर मिळालं ते मी एकदाच विचारलं. ती नुसती हसली.

दर महिन्याला स्क्रू साफ करावा लागतो. मी चावी तिच्याकडे देऊन खाली उतरतो. ती वर पेटीपाशी उभी असते, पेटीचाच नंबर लावलेला फोन कानाला धरून. कुणाशी बोलत नाही, नुसती ऐकत असते.