दत्तक घेतलेली घरं

मार्चच्या सुरुवातीला माझ्या टेबलावर दुसऱ्या वर्षाची लॉगबुकं येऊन पडली. नव्या अभ्यासक्रमात डॉक्टर होणाऱ्या प्रत्येक मुलाने गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची असतात. दर महिन्याला त्यांच्या घरी जायचं, वजन-रक्तदाब बघायचा, आणि मुख्य म्हणजे बसून ऐकायचं. ज्याला कुणाला हे सुचलं असेल त्याला मी मनातून हात जोडले होते. समाजवैद्यकशास्त्र शिकवायला लागून मला पंधरा वर्षं झाली. आजार घरात कसा राहतो हे रुग्णालयातल्या कुठल्याही खाटेवर दिसत नाही.

आमचं कॉलेज नवीन. आम्हाला आचरा हे गाव मिळालं होतं. बस एकदाच गेली. देवळासमोर बॅनर धरून फोटो झाला. पुढे बसला ड्रायव्हर नव्हता, मग परीक्षा आल्या. लॉगबुकं मात्र भरलेली होती. सोमवारी तपासणी पथक येणार होतं आणि विभागप्रमुखांचा निरोप होता की ब्रेंडा मॅडमनी, म्हणजे मी, फार न वाचता सह्या करून टाकाव्यात.

मी वाचली. प्रीतम नावाच्या मुलाच्या वहीपाशी थांबले. तुळसा, वय बासष्ट, एकटी राहते. जूनमध्ये वजन अठ्ठेचाळीस किलो. मग सेहेचाळीस, चव्वेचाळीस. कोरडा खोकला, संध्याकाळचा ताप. फेब्रुवारीत छत्तीस. मी त्याला बोलावलं आणि विचारलं की एवढं वजन उतरत असताना या बाईची थुंकी तपासायला का पाठवली नाहीस.

त्याने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला की तो त्या घरी कधी गेलेलाच नाही. नाव ग्रामपंचायतीच्या यादीतलं. आकडे हॉस्टेलवर बसून घातलेले. दर महिन्याला तेच लिहिलं तर खोटं वाटेल म्हणून थोडे थोडे कमी केलेले. मी पान उलटलं. पुढची नोंदही तयार होती. तारीख चौदा मार्च. शेरा, मृत्यू.

"वर्षाअखेर केस बंद करायला कारण लागतं, मॅडम," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला गाडीत घातलं आणि आचऱ्याला नेलं. त्याने कागदावर मारलेली बाई त्याने जिवंत बघावी, एवढंच माझ्या मनात होतं.

खाडीकडे उतरणाऱ्या पाणंदीच्या टोकाला कौलारू घर होतं. घरासमोरच्या खळ्यात सुकत घातलेल्या बांगडा मासळीचा वास. पडवीत तुळसा बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. माझ्यामागे उभ्या प्रीतमकडे बघून हसली.

"इलंस रे? बस थंय."

मी तिला विचारलं, याला ओळखता का.

"म्हणजे काय? म्हयन्याक येता. चाय घेणा नाय, बोलणा नाय. नुसतो बगता आणि लिवता."

तिने दाखवलेल्या बाकड्यावर धुळीचा थर होता. मधोमध एका माणसाच्या बसण्याएवढी जागा स्वच्छ होती.

मी सोबत नेलेला काटा जमिनीवर ठेवला आणि तिला हात धरून वर चढवलं. छत्तीस. काटा हलवून सपाट चिऱ्यावर ठेवला. छत्तीस. प्रीतम पायरीवरच उभा होता, खांब धरून. मला वाटलं, हा येत होता आणि माझ्याशी खोटं बोलला. पण त्याच्या वहीतल्या नऊही तारखांना तो पॅथॉलॉजीच्या तासाला हजर होता. हजेरी अंगठ्याची आहे. परतल्यावर मी स्वतः तपासली.

तिला मी त्याच दिवशी आमच्या रुग्णालयात आणलं. विभागप्रमुख खूश झाले, कारण सोमवारपर्यंत वॉर्ड भरलेला दिसायला हवा होता. तुळसाच्या दोन्ही बाजूंना आसपासच्या गावांतून आणलेली धडधाकट माणसं नवे कपडे घालून पडून होती आणि मोबाइल बघत होती. मी म्हटलं, ही खरंच आजारी आहे. ते म्हणाले, मग तर उत्तमच. थुंकीत क्षय निघाला. गोळ्या सुरू झाल्या. ती चौदा तारखेची नोंद मी कागद फाटेपर्यंत खोडली.

मग मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला ओरोसला पाठवलं. विषय होता रुग्णाशी संवाद. मोठ्या पडद्यावर आम्हाला शिकवण्यात आलं की रोग्याच्या डोळ्यांत बघून बोलावं.

परत आले तेव्हा तपासणी पार पडली होती आणि वॉर्ड रिकामा होता. गाद्या गुंडाळलेल्या. भाड्याची माणसं ज्या बसने गेली त्याच बसने तुळसालाही पाठवलं होतं, गोळ्यांची पिशवी हातात देऊन. चालताना तिला दम लागत होता, असं परिचारिकेने खाली बघत सांगितलं. मी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले आणि आयुष्यात प्रथमच वरिष्ठांसमोर आवाज चढवला. त्यांनी लॉगबुकं पुढे सरकवली. सह्या तेवढ्या राहिल्यात, म्हणाले.

त्या दिवशी चौदा तारीख होती.

मी तशीच आचऱ्याला गेले. खळ्यात माणसं जमली होती. शेजारच्या सावित्रीने सांगितलं की तुळसा दुपारी बारा वाजता गेली.

"एकटी नाय होती हां," ती माझी समजूत घालत म्हणाली. "तुमचो डाक्टर होतो. अखेरपर्यंत बाजूक बसलेलो."

"त्याने काही केलं?"

"नाय. लिवत होतो."

बारा वाजता प्रीतम वर्गात होता. शंभर मुलांनी त्याला पाहिलं होतं.

मी एकही सही केली नाही. रात्रभर वह्या वाचल्या. पुढच्या तारखांचे मृत्यू आधीच भरून ठेवलेली आणखी अकरा मुलं निघाली. सकाळी त्यांना घेऊन मी एसटीने आचऱ्याला निघाले. 

सगळ्यात जवळची तारीख संचिताच्या वहीत होती. आजचीच. ईडा नावाच्या बाईचा सहा वर्षांचा मुलगा, तीन महिने खोकला. केस तिनेही तशीच बंद केली होती. घर दिसल्याबरोबर ती माझ्यापुढे धावली आणि दार ठोठावू लागली.

मी तिला मागे ओढून पुढे झाले, तेव्हा ईडाने दार अर्धंच उघडलं. ओठांवर बोट ठेवलं.

"हळू गो. तुमचा डाक्टरीण चेडू आत इला हा. माझ्या झिलाक तपासता."

मी मागे वळून मोजलं. अकराही माझ्यासोबत होती.

आतल्या खोलीत मुलगा खोकला. मग कुणीतरी त्याला अगदी मायेने म्हणालं, "आता श्वास रोखून धर."

संचिताने माझा दंड घट्ट पकडला. आतला आवाज तिचाच होता.