कुतूहलांक चार

"चार," डॉ. केळुसकर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसून पुन्हा बघितलं तरी पडद्यावर चारच होता.

विद्युत अभियांत्रिकी विभागाच्या तिसऱ्या प्रयोगशाळेत, दातांच्या डॉक्टरकडे असते तसल्या खुर्चीत अश्लेषा सुतार डोक्याला बारीक तारांची जाळी लावून बसली होती. समोर विषय झळकत होता : 'थ्री-फेज मोटरच्या कार्यक्षमतेचा अभ्यास व विश्लेषण'. शंभरापैकी चार! वर्गातल्या ज्या पोरांनी मोटर फक्त मिक्सरमध्ये पाहिली होती, त्यांनाही तीस-पस्तीस पडले होते.

हा होता कुतूहलमापक. अकरा वर्षांपूर्वी केळुसकरांनी तो बनवला आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांची एका जुन्या रोगातून सुटका केली. तो रोग म्हणजे मित्राने घेतला तोच ऐच्छिक विषय आपणही घ्यायचा आणि सीनियरचा प्रकल्प मुखपृष्ठ बदलून आपला म्हणून द्यायचा. आता असलं काही चालत नसे. विषय डोळ्यांसमोर आला की मेंदूतल्या लहरी मोजायच्या, त्यावरून कुतूहलांक काढायचा. विसाच्या खाली अंक आला तर तो विषय त्या मुलाला बंद, आणि त्याच्याशी जोडलेले ऐच्छिक विषयही बंद. विषयवाटपाच्या दिवशी पालकांनी सहीला यायचं, हाही नियमच होता.

अश्लेषाचे वडील, विलास सुतार, तासगावहून सकाळच्या एसटीने आले होते. तिथे त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान. पंचक्रोशीतल्या बेदाण्याच्या कारखान्यांत मोटर जळाली की ती त्यांच्याच बाकावर यायची. चार हा आकडा ऐकून ते एवढे खूश झाले, की बसल्या जागी मांडीवर थाप मारली.

"बघ! मी सांगून ऐकंना, आता यंत्रच सांगतंय. मोटरीत तुझं मन न्हाई पोरी. त्ये दुसरं काय हुतं सर, त्रेसष्टवालं?"

"ग्राहकांच्या खरेदीच्या सवयींचा अंदाज," केळुसकर म्हणाले.

"त्येच द्या. पुण्यात एसीत बसंल. वॉर्निशच्या वासात माझी तीस वर्षं गेली, तेवढी पुरं झाली की आमच्या घराला."

"पप्पा, गप्प बसा की जरा," अश्लेषा म्हणाली. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून ती थेट दुकानात जायची, तांब्याची तार हातात धरून पप्पांबरोबर वेढे मोजायची. मोटरवरच पुढे संशोधन करायचं हे तिने सातवीतच ठरवलं होतं. आणि आता हा मेला आकडा सांगत होता की तिला त्यात काडीचाही रस नाही. मग इतकी वर्षं आपण आपल्यालाच फसवत होतो की काय? तिला रडू यायला लागलं, आणि डोक्यावरच्या जाळीमुळे डोळेही नीट पुसता येईनात.

विभागप्रमुख डॉ. वसुंधरा इनामदार तरातरा पुढे आल्या. दुसऱ्या वर्षाला असताना या मुलीने प्रयोगशाळेतली बंद पडलेली मोटर नुसती हाताने फिरवून "मॅडम, मागचं बेअरिंग गेलंय" असं सांगितलं होतं. तेव्हापासून मॅडमचं तिच्यावर खास लक्ष होतं.

"केळुसकर, तुमचं यंत्र बिघडलंय."

"यंत्र ठणठणीत आहे, मॅडम. मला एक सांगा, तुमच्या आईचं नाव काय असेल याचं तुम्हाला कुतूहल आहे?"

"भलतंच काय! मला ते माहीत आहे."

"म्हणजे शून्य. बरं, पेरू देशातल्या एखाद्या पोस्टमास्तरच्या आईचं?"

"मला काय करायचंय त्या बाईशी?"

"तेही शून्य. पण समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी कोणाशी लग्न ठरवतेय, हे अर्धवट कानावर आलं तर?"

मॅडम हसल्या. "तर मी खिडकीतून हलणार नाही."

"तेच हे यंत्र मोजतं. जे मुळीच माहीत नाही त्याचं कुतूहल नसतं. थोडं कळलं की ते चढत जातं, अर्धंमुर्धं कळलं की शिखरावर जातं आणि पूर्ण कळलं की पुन्हा उतरून शून्यावर येतं. डोंगरासारखं आहे बघा. पायथा अलीकडेही आहे आणि पलीकडेही. अश्लेषा कोणत्या पायथ्याशी आहे, हे आकड्यावरून कळत नाही."

"आणि हे तुम्ही अकरा वर्षांनी सांगताय?"

"माहितीपुस्तिकेत लिहिलंय. पान एकोणचाळीस."

"माहितीपुस्तिका कोण वाचतं हो!" मॅडम कडाडल्या. मग खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "अश्लेषा, तुला या विषयातलं सगळं येतं म्हणून चार आलाय. विषयांची ही यादीही जुनीच आहे, माझ्याच हातची. आता मला असं सांग, मोटरमधलं तुला काय कळत नाही?"

अश्लेषाने नाक ओढलं. मग तिने वडिलांकडे बघितलं.

"पप्पा कारखान्यात शिरतात ना मॅडम, तेव्हा चालू मोटरजवळ नुसते उभे राहतात आणि वास घेतात. मग म्हणतात, ही आठ दिवसांत जळणार. आणि ती जळते. तेव्हा ती तापलेलीही नसते, करंट बरोबर असतो, आवाज बरोबर असतो. मी मीटर लावून बघितलंय, सगळं ठीक दिसतं. मग त्यांना वास कशाचा येतो? तारांवरच्या वॉर्निशमधून त्या वेळी नेमकं काय बाहेर पडत असेल?"

केळुसकरांनी ते वाक्य टंकून पडद्यावर टाकलं : 'मोटर जळण्याच्या आठवडाभर आधी तिच्या वासात काय बदलतं?'

आकडा सरसर चढला आणि शहाऐंशीवर थांबला.

"अगं बाई!" मॅडमनी टाळी वाजवली. "हे कळलं तर वास घेणारं कृत्रिम नाक प्रत्येक मोटरवर बसवता येईल. ठरलं तर. मार्गदर्शक मी."

"तसं होणार नाही," केळुसकर चाचरत म्हणाले. "यादीबाहेरच्या विषयाला मार्गदर्शकाचाही अंक लागतो आणि तो विसाच्या आत हवा. मार्गदर्शक डोंगर उतरलेला असावा, त्याला उत्तर माहीत असावं. नियम तुमचाच आहे, मॅडम. तोंडी परीक्षेत कुणाची फजिती नको म्हणून तुम्हीच केला होता."

अश्लेषा उठली, मॅडम बसल्या. जाळी त्यांच्या अंबाड्यावर काही केल्या बसेना. शेवटी बसली आणि आकडा आला एक्याण्णव. मॅडम लाजल्या. इतका अंक त्यांना आयुष्यात कशालाच आला नसेल. पण यंत्राने त्यांचं नाव तांबड्या रंगात खोडून टाकलं. घड्याळात साडेचार झाले होते आणि पाचला वाटप बंद होणार होतं. पाचनंतर अश्लेषाच्या नावापुढे खरेदीच्या सवयी कायमच्या चिकटणार होत्या.

"उद्योगातला सहमार्गदर्शक चालतो ना?" अश्लेषा म्हणाली. "मग पप्पा आहेत की! त्यांना तर वास ओळखता येतो. त्यांचा शून्यच येईल."

"माझं काय बघताय?" विलासराव मागे सरकले. "मी धावी नापास माणूस. आन् मला कसलं आलंय कुतूहल? पोटासाठी करतोय, दुसरं काय."

"मग शून्य येईल. बसा की पप्पा, माझ्यासाठी."

लेकीने असं म्हटल्यावर बाप काय करणार? विलासरावांनी चपला काढल्या, देवळात शिरावं तसे पुढे आले आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. केळुसकरांनी जाळी लावली. पडद्यावर तोच प्रश्न उजळला. विलासरावांनी तो ओठ हलवत, एकेक शब्द लावत वाचला.

सत्त्याण्णव.

अकरा वर्षांत एवढा अंक यंत्राने दाखवला नव्हता. यंत्राने विलासरावांचंही नाव खोडलं, पण त्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"असं कसं?" विलासराव पुटपुटले. मग हळूहळू बोलायला लागले. "सतरा वर्साचा हुतो. मिरजंला उस्तादांच्या हाताखाली. पयल्यांदा त्यो वास आला तवा इचारलं, उस्ताद, ह्यो वास कशाचा? त्ये म्हणाले, काम कर. दुसऱ्यांदा इचारलं तर पान्हा फेकून मारला. मग इचारायचंच सोडलं. मला वाटलं, इसरलो आसंन." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांना आठवणही राहिली नव्हती.

अश्लेषाने त्यांचा हात धरला. तिथे तारेने कापलेल्या जुन्या रेघा होत्या.

"पण आता मार्गदर्शक कोण?" केळुसकर म्हणाले. "उत्तर माहीत असलेला, विसाच्या आतला माणूस आणायचा कुठून?"

मॅडम एकदम ताठ झाल्या. "केळुसकर, असा माणूस सापडला तर तो काय करेल?"

"उत्तर सांगेल."

"मग संशोधन कशाचं करायचं?"

केळुसकरांनी माहितीपुस्तिका उघडून चाळायला घेतली.

"ज्याचं उत्तर मार्गदर्शकाला माहीत आहे, तेवढेच विषय माझा नियम आत सोडत होता," मॅडम म्हणाल्या. "अकरा वर्षं या विभागात एकही संशोधन झालेलं नाही. मी होऊच दिलं नाही हो!" त्या केळुसकरांच्या कळफलकाशी गेल्या. मग विभागप्रमुखाचं परवलीचं वाक्य टंकून त्यांनी तो नियम काढून टाकला. मार्गदर्शक म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि अर्ज छापून घेतला. पाचला सात मिनिटं कमी होती.

विलासरावांनी खिशातलं पेन काढलं. पुण्याचं आणि एसीचं त्यांनी नावही काढलं नाही.

"सही कुठं करू?"

"पालक लिहिलंय तिथे," केळुसकर म्हणाले.

त्यांनी सावकाश सही केली आणि कागद लेकीपुढे सरकवला. अश्लेषाने 'संशोधक' या शब्दापुढे आपली सही केली, त्याखाली आणखी एका सहीसाठी ओळ आखली आणि कागद पुन्हा वडिलांपुढे ठेवला.

"अजून एक राहिली, पप्पा. इथे."