त्रेचाळीस नंबरचं काम

कंदील जरा बारीक करा रे, डोळ्यांवर येतो. आणि झाडू पोरा, तुला मधेमधे हसायचं असेल तर आत्ताच घरी जा, मागाहून एकट्याला जायला सांगितलं तर रडशील.

ही देवाजीची गोष्ट. देवाजी माझ्या चांगल्या ओळखीचा. खोटं रचून सांगायला जी हुशारी लागते ती त्या बिचाऱ्यात नव्हती, म्हणून मी या गोष्टीवर विश्वास ठेवतो. तुम्ही ठेवा, नका ठेवू.

चांद्याला परकोटाच्या आत एक छोटा छापखाना होता. माणसं तीन. म्हातारा मुखरू जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून मजकूर जुळवणारा. त्याच्या हाताखाली देवाजी. आणि पायानं मशीन चालवणारा पत्रू, पन्नाशीचा, गरीब गाय. पत्रूला अक्षर वाचता येत नव्हतं, आकडे मात्र येत. म्हणून तिथे प्रत्येक कामाला नंबर असे. नंबरची चिठ्ठी भिंतीवर लागली की पत्रू ते काम मशीनवर चढवणार. सोळा वर्षं असंच चाललं आणि कधी गफलत झाली नाही.

मुखरूचा एक नेम होता. तेरवीची पत्रिका छापून झाली की गेलेल्या माणसाचं नाव दिवे लागायच्या आत सोडायचं, म्हणजे त्या नावाचे खिळे सुटे करून आपापल्या खणात टाकायचे. म्हणायचा, "मेल्याचं नाव रातभर उभं ठिवू नोको, देवाजी. ते एकलं नाई राह्यत. जोडीले दुसरं नाव मांगते." देवाजी तोंडावर मान डोलवायचा आणि पाठीमागे पत्रूला डोळा मारायचा.

छप्पन साली एप्रिलच्या सुरुवातीला मुखरूच गेला. त्याच्या तेरवीची पत्रिका देवाजीनं जुळवली, आणि ती दहा तारखेला सकाळी छापून निघाली. नंबर एक्केचाळीस. बेचाळीस नंबर होता आरमोरीच्या गुणवंतरावांच्या कमळाची लग्नपत्रिका. गुणवंतरावांना पहिली पत्रिका पाडव्याला देवापुढे ठेवायची होती आणि पाडवा दोन दिवसांवर आला होता. नमुना दाखवून त्यांचा होकार घ्यायला देवाजीला त्याच दिवशी आरमोरीची मोटार धरायची होती. मुखरूचं नाव सोडायचं राहिलं. विसरला नाही हं तो. उद्या करू, म्हणाला. निघताना पत्रूला सांगितलं, "माह्या फोन येईस्तोवर इथीच बसून राय. मी सांगतो, मंग छापाले घे."

आरमोरीला गुणवंतरावांनी नमुना पाहिला, चहा पाजला, होकार दिला. देवाजीनं पोस्टात जाऊन चांद्याचा फोन नोंदवला. आपल्याकडे फोन म्हणजे काय, नोंदवा आणि बसा. संध्याकाळ गेली. पोस्टमास्तर बिचारा घरी जेवून परत आला. मंगळवार, अवसेची रात, दहाला वीस मिनिटं कमी असताना घंटा वाजली.

"पत्रू, मी देवाजी बोलून राह्यलो, आरमोरीहून."

पलीकडून नुसता मशीनचा आवाज. खट्... खट्... खट्...

"अरे, आयकू येते का? एक्केचाळीस?"

"झालं. गठ्ठा बांधून ठिवला."

"बेचाळीस पास झालं. चढव."

"बेचाळीस थांबून हाये, भाऊ. मशीन खाली नाई."

"मंग मशीनवर काय हाये?"

"त्रेचाळीस."

देवाजीचं डोकं फिरलं. त्रेचाळीस नंबर त्यानं काढलाच नव्हता. "कोनं देल्ला तुले त्रेचाळीस?"

"तुमीच त देल्ला." पत्रूचा आवाज बारीक झाला. "दिवे लागले तवा आले न तुमी. बोलले नाई. खणापाशी पाठ करून उभे राह्यले, जुळवलं, चिठ्ठी लावली. मले वाटलं मोटार चुकली... भाऊ, तुमी आरमोरीले हा, त मंग इथी कोन उभं हाये?"

देवाजीनं फोन कानाशी घट्ट दाबला. कानात ते चालूच होतं. खट्... खट्...

"पत्रू, तू तं फोनवर हायेस. मशीनले पाय कोन मारून राह्यलं?"

...

"पत्रू?"

"कोनी नाई, भाऊ."

तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? मधे पन्नास-साठ मैल जंगल. हातात एक तार. देवाजी ओरडला, "बंद कर! चाक धर!"

"धरलं... नाई थांबून राह्यलं."

"कागद पाय. काय छापून राह्यलं?"

"मले वाचता येते का, भाऊ... काळी किनार हाये. तेरवीचं हाये."

"मधात मोठं नाव अशीन. किती अक्षरं हायेत?"

देवाजी मनात म्हणत होता, तीन म्हण. मुखरू, तीन. देवा, तीन म्हण. अगदी माझं नाव असलं तरी चालेल, तीन म्हण.

"दोन."

मग लहान मुलासारखं, "भाऊ, हे मी पायलं हाये. हजेरीच्या वहीत असते हे. याच्याच समोर मी आंगठा लावतो."

"निंघ! सारं सोड अन् बाहेर निंघ!"

"पाय नाई उचलून राह्यले, भाऊ... भाऊ, तुमी या न..."

इतक्यात एक्स्चेंजमधली बाई मधेच बोलली. तीन मिनिटं झाली. तार बंद.

देवाजीनं पोस्टमास्तरच्या पायांवर डोकं ठेवलं. पोस्टमास्तरनं हँडल फिरवून फिरवून अर्ध्या तासानं परत चांदा लावून दिलं. पलीकडे घंटा वाजली. कोणी तरी फोन उचलला.

मशीन थांबलं होतं.

"पत्रू..."

...

टक्.

खिळा खणात पडल्याचा आवाज. जुळाऱ्याला तो झोपेतही ओळखू येतो.

टक्.

कोणी तरी नाव सोडत होतं. प. त्र. राहिला होता उकार.

देवाजी म्हणाला, "नोको." तेवढंच म्हणता आलं त्याला.

टक्.

सकाळच्या पहिल्या मोटारीनं तो पोचला तेव्हा पत्रू मशीनला टेकून बसलेला होता. अंगावर ओरखडा नाही. डॉक्टर म्हणाले, काळीज बंद पडलं. मशीनवर जुळलेल्या खिळ्यांचा फर्मा नव्हता, भिंतीवर चिठ्ठी नव्हती, त्रेचाळीस नंबरचा एक कागद कुठे सापडला नाही. शाईची ताटली कोरडी ठणठणीत. देवाजी सगळ्यांना सांगत सुटला, लोक त्याला पाणी पाजून बसवत होते. मी मारलं त्याला, फोनसाठी मीच बसवून ठेवलं, असं तो माझ्याजवळ किती वेळा रडला त्याला गणती नाही.

पत्रूच्या तेरवीची पत्रिका काढायची नाही, असं त्यानंच ठरवलं. ते नाव तो जुळवणार नव्हता आणि दुसऱ्या कोणाला जुळवू देणार नव्हता. पत्रूची बायको मनकर्णा गावी होती, तेरवी तिथेच झाली. घरचीच माणसं म्हणून तिनं वीस जणांचा भात टाकला.

दुपारपासून लोक यायला लागले. आरमोरीकडचे आले, चांद्याचे आले, पार एटापल्लीकडून दोघं पायी आले. दोनशेच्या वर माणूस अंगणात.

मनकर्णा घाबरून विचारायची, "तुमाले कोनं सांगतलं, भाऊ?"

"पत्रिका भेटली न, बाई. दारात होती."

देवाजीनं ती पत्रिका हातात घेतली नाही. लोकांनी शेजारपाजारच्या घरांतून तांदूळ आणले, पंगती बसवल्या. बसायच्या आधी मनकर्णा तांब्यानं एकेकाच्या हातावर पाणी घालत होती.

पहिल्याच्या हातावरून पाणी काळं गेलं, शाईचं.

दुसऱ्याच्याही.

दोनशे माणसांनी तिथे हात धुतले. 

तीन पावसाळे झाले त्याला. मनकर्णा दर आठवड्याला ती जागा शेणानं सारवते. वाळलं की काळं वर येतं.